माप

स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक खोका आहे,
चपलांच्या खोक्याहून लहान.
आत दोन नळ्या, एक सुई, एक फॉर्म
आणि परतीचं पाकीट. पत्ता सीमेपलीकडचा.
किंमत विचारू नका.
एल्वुडला मी निम्मीच सांगितली आहे.

हॅलिफॅक्सच्या डॉक्टरांनी वीस नोव्हेंबर दिलाय.
आज सव्वीस ऑक्टोबर.
माझी जाऊ थेल्मा म्हणते,
रिकाम्या हातानं गेलीस तर
रिकाम्या हातानं परत येशील.
फोनवरची बाई म्हणाली,
डॉक्टर आधी माणूस बघतात,
पण रिपोर्ट आणायचे असतील तर आणा.
या 'पण'ला उशाशी घेऊन
मी तीन रात्री छताकडे बघतेय.

जूनमध्ये शेडमागचं रान कापलं,
सापळे रचायला जागा हवी होती.
गोचीड काही मी पाहिली नाही.
गुडघ्यामागचं तांबडं कडं पाहिलं ते एल्वुडनं.
म्हणाला, गमबूट घासला असेल.
बावीस वर्षांत त्याचं लक्ष तिथं पहिल्यांदा गेलं होतं.
मी त्या आनंदातच दोन आठवडे घालवले.

ऑगस्टात गुडघा सुजून भोपळा.
सप्टेंबरात दोरीची ती गाठ विसरले
जी बोटं झोपेतसुद्धा मारतात.
धक्क्यावर उभी राहिले, दोरी हातात,
जणू कुणा परक्याच्या बाळाला धरलंय.

माझ्या बापाकडे एक पितळी माप होतं.
शेवंडीच्या डोळ्याच्या खोबणीपासून
पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत लावायचं.
भरली तर पेटीत,
केसभर उणी तर समुद्रात.
एकदा मासेमारी खात्याचा माणूस बोटीवर चढला,
बाप जिला फेकायला निघाला होता तिला
त्यानं आपलं कोरं माप लावलं,
म्हणाला, झ्विकर, ही तर भरतेय की.
पितळ आतून झिजलं होतं.
बाप कित्येक वर्षं
मापातल्या शेवंडी पाण्याला परत देत होता.
त्या रात्री तो जेवला नाही.
काकाचं माप वाकलेलं होतं, त्याला सगळ्याच भरायच्या.
त्याला दंड झाला. तो मात्र पोटभर जेवला.

खोक्यातल्या कागदावर लिहिलंय,
इतक्या रेषा उमटल्या तर 'आहे',
एक जरी कमी तर 'नाही'.
केसभर उणी.
'नाही' आलं, तर डॉक्टर कागद वाचतील
आणि माझा गुडघा बाहेरच्या खुर्चीत बसून राहील.
'आहे' आलं, तर विचारतील, कुठल्या लॅबचं?
आणि भुवई अशी वर जाईल
की आपण पैसे देऊन आजार विकत आणला.
हात दाखवून अवलक्षण, दोन्हीकडून.
आणि काहीच नेलं नाही, तर?
पुन्हा रक्त, पुन्हा वाट,
तोवर हंगाम सुरू, सापळे पाण्यात,
आणि गाठ कोण मारणार?

भरती-ओहोटीची वही काढली.
जिथं पाणी लिहिते तिथं गुडघा लिहिला.
नऊ सप्टेंबर: उजवा, जिना उतरताना.
चौदा: गाठ.
पंधरा: काही नाही.
बाप 'काही नाही'सुद्धा लिहायचा.
म्हणायचा, रिकामा सापळाही सांगतो,
मासा कुठं नाही ते.
जूनपाशी लिहिलं: तांबडं कडं, साक्षीदार एल्वुड.
त्याला सही करायला लावली.
हसला, पण पूर्ण नाव लिहिलं.

खोक्यावर मुदत छापलीय, चार डिसेंबर.
म्हणजे वीस तारखेनंतरही दोन आठवडे उरतात.
मी तो कपाटात वर ठेवला, मिठाच्या बरणीमागे.
डॉक्टरांनी रक्त मागितलं तर देईन.
फक्त आधी विचारीन,
तुमचं माप कुठलं,
आणि शेवटचं कधी ताडून पाहिलंत?

संध्याकाळी थेल्माचा फोन आला.
पाठवलास ना?
म्हटलं, हो, पाठवला.
आवाज हलला नाही.
हात हलला, रिसीव्हर धरलेला, डावा.
तेही वहीत लिहिलं.