जास्तीचा थर

प्रणालीनं सर्फिंगची फळी आणली, मधोमध तडकलेली,
आईच्या पातळात गुंडाळून, रेल्वेच्या लगेजात.
"मामा, जुळते का?"

मी पारडीत कूलरच्या टाक्या करतो.
पाणी आत राहावं, एवढंच येते मले.
हिले पाणी बाहेर ठेवाचं होतं.

किनाऱ्यापासून चार तास बोटीनं, म्हणे.
चहूकडे सपाट, अन् मधातच समुद्र उभा होते,
खाली वीतभर पाण्यात प्रवाळाचा खडक.
"उभा म्हंजे किती?"
तिनं रस्त्यापलीकडं पाह्यलं,
बँकेच्या तिसऱ्या मजल्यावरून नजर वर सरकली,
गच्चीवरच्या काळ्या टाकीपाशी थांबली.

मी पॉलिश पेपर घासत राह्यलो.
भेगेतून नखाएवढं पांढरं काही पडलं.
दात वाटला.
"त्याचाच," ती हसली.
"भेव नाही वाटत?"
"पडताना नाही. त्याच्या आधी,
बोटीत काकडी खाताना वाटते."

नागपुरात शेहेचाळीस डिग्री. रेझिन मिनिटात धरते,
हार्डनर थेंबथेंब.
ती समोरून सोडा आणाले गेली
तेवढ्यात मॅटचा एक थर जास्तीचा देला.
जड होईन. ओरडन.
तिकडं, टाकीएवढ्या उंचीवर,
कळलंच तिले तर कळन.