पोच

पत्र उघडायचं नाही, हा माझा नियम.
कुणी घालून दिलेला नाही.
तोर्सहाव्न बंदरामागे, मासे गोठवायच्या जुन्या गोदामात
आता आमचे सर्व्हर थंड राहतात,
आणि रात्रपाळीला मी, कागदोपत्री पोस्टमास्तर.
पिशवी नाही, सायकल नाही,
मागं लागणारं कुत्रंसुद्धा नाही.

मला दिसतं एवढंच:
कुणाचं, कुणाला, किती वाजता, वजन किती.
सोमवारी रात्री अकरा चाळीस. सूरोय बेटावरून. मालान.
चार किलोबाइट.
म्हणजे फोटो नाही, जोडपत्र नाही,
नुसते शब्द, आणि तेही जपून.
पत्ता हेरगेरचा, पुंता आरेनास.
नकाशा संपतो त्याच्या जरा अलीकडे.

लोकांना वाटतं, ईमेल उडत जाते.
ती विचारत विचारत जाते.
आधी नावांच्या वहीत बघायचं,
या घराचं टपाल घेतं कोण?
मग दार. मग रीतसर
"नमस्कार, मी तोर्सहाव्नहून."
"बोला."
"मालानचं आहे."
"बरं."
"हेरगेरसाठी."
सा. न. वि. वि. झाल्याशिवाय मजकुराचं नाव काढायचं नसतं.

आणि हे एवढं बोलणंही
तुकडे होऊन जातं,
शेटलंडच्या बाजूने, समुद्राच्या तळाशी,
केसाएवढ्या काचेतून उजेड होऊन;
पुढे लंडन, मग अख्खा अटलांटिक, मग दक्षिणेला
किनारा धरून खाली, खाली.
एखादा तुकडा हरवला तर
पलीकडून निरोप: सातवा आला नाही.
सातवा पुन्हा निघतो. कुरकुर नाही.

"हेरगेरसाठी."
"पेटी भरली आहे. नंतर या."

पंधरा मिनिटांनी पुन्हा. अर्ध्या तासाने. तासाने.
मग चार-चार तासांनी, तोच नमस्कार, तेच दार.
यंत्राला अपमान कळत नाही, हे बरं आहे.
मंगळवार. बुधवार.
पाच दिवस रांगेत ठेवायचं
आणि मग परत करायचं, कारणासकट,
जिचं तिला.

गुरुवारी घरी निघालो होतो. बोटीच्या उपाहारगृहात
काउंटरमागे मालानच असते.
"तुझ्याकडूनच जातं ना रे सगळं?
किती वेळ लागतो, चिलीला?"
मी म्हणालो, "पापणी लवते न लवते तोच."
तिने मनात काहीतरी मोजलं,
आणि माझ्या कॉफीत दोन चमचे साखर घातली.
मी साखर घेत नाही. तिला ते माहीत आहे,
वीस वर्षं.

शुक्रवारी रात्री मी फोन लावला.
नंबर कसा मिळवला ते विचारू नका.
मागे जनरेटरची घरघर, कुणीतरी स्पॅनिशमध्ये हसत होतं.
"पेटी रिकामी कर."
"कोण बोलतंय?"
"पोस्टमास्तर."
"काय आलंय?"
"माहीत नाही. चार किलोबाइट."
"कुणाचं?"
इथे मी अडलो. मजकूर उघडायचा नाही हा नियम;
पाकिटावरच्या नावाचं काय, ते ठरवलंच नव्हतं.
सांगितलं.
जनरेटर तेवढा चालू राहिला.
मग तो म्हणाला, "नऊ वर्षं,"
आणि फोन ठेवला.

शनिवार, पहाटे तीन दहा.
"हेरगेरसाठी."
"बरं."
"मजकूर देतो."
"द्या."
शेवटी एका ओळीवर एकटा टिंब, म्हणजे संपलं.
"मिळालं."

प्रत्येक ठाणं आपला शिक्का आधीच्या शिक्क्यावर मारतं,
त्यामुळे पत्राच्या माथ्यावर पुंता आरेनास येतं
आणि सगळ्यात तळाशी
मालानच्या स्वयंपाकघरातली सोमवारची रात्र.
तिथवर खाली कोण वाचत जातो?

पोच आली. पोच म्हणजे पेटीत पडलं, इतकंच.
त्याच्यापुढचं मला दिसत नाही,
दिसू नये.

पुढच्या गुरुवारी बोटीवर तिने काही विचारलं नाही.
साखर या वेळीही दोन चमचे होती.
मी ती तशीच प्यालो.