आटणीची पट्टी

बाबली मेस्त्रींच्या पट्टीवरचा इंच
इंचाहून केसभर मोठा.
"पितळ निवताना आटता गो,
ता आधीच धरूचा लागता."

वेंगुर्ल्याच्या पडवीत, सुक्या बांगड्याच्या वासात
शिवणीचं सिलिंडर, दोन भकलांचं,
माझ्या वीतभर इंजिनासाठी.
कडांना नखभर उतार, वाळू मोडू नये म्हणून.
कोपऱ्यांत मेण, बोटानेच.

आंबोलीचा घाट चढून ते लाकूड गेलं.
ओताऱ्याने वाळूत दाबलं,
ठोकून सैल केलं, उचललं,
आणि ते जिथे नव्हतं
तिथे पितळ ओतलं.

परत आलं तेव्हा फटीत काळी वाळू.
मेस्त्रींनी ती फुंकली,
मग साधी पट्टी काढून
पितळाला लावली.
एक सूत जास्त.

मी त्यांच्याकडे बघत राहिले.
"घासूक नको?" म्हणाले.