मांडीवरचे हात

तेवीस वर्षं हातांना काम होतं.
गिअरच्या मुठीने डाव्या तळव्यात गोल घट्टा पाडला,
बायको त्याला चवन्नी म्हणायची.
आता नव्या बसमध्ये मी बसतो, चालवत नाही.
करारात लिहिलंय: हात मांडीवर, तळवे खाली,
स्टिअरिंगपासून वीतभर,
लागलेच तर.
लागत नाहीत.
पगार मात्र एक तारखेला होतो,
सिटी बसमध्ये असं कधी झालं नाही.

सुपर कॉरिडॉरवर साडेअकरा किलोमीटर, जाऊन येऊन.
सहा बस. एकमेकींशी बोलतात,
सिग्नलशी बोलतात, खांबांशीसुद्धा.
मागे सीटवर माणसांऐवजी वाळूच्या गोण्या,
पासष्ट किलोची एकेक.
एकीवर कुणीतरी खडूने लिहून ठेवलंय:
भिया, भंवरकुआँ रोक देना.

ऋजुता किबे, इंजिनिअर, माझ्या पुतणीएवढी,
म्हणाली, काका, पुढची बस सांगतेय खड्डा आहे.
म्हटलं, पूर्वी समोरून येणारा
दिवा मारून सांगायचा.
हो, तेच, म्हणाली. फक्त महाग.

किती महाग ते मंडलोई साहेब जाणतात.
दर शुक्रवारी पालिकेतून येतात,
बसकडे बघतही नाहीत, मीटर उतरवून घेतात.
शंभरातले साठ दिल्लीचे, तीस भोपाळचे,
दहा आपले, असं म्हणतात.
जणू साठ आणि तीस परक्यांचे.
आमची घरपट्टीची पावती फ्रिजवर चुंबकाखाली असते.
मी एकदा हिशेब केला:
माझं अख्खं वर्ष म्हणजे
ही बस इथून त्या पिवळ्या फलकापर्यंत.
तेवढा तुकडा आला की मी जरा ताठ बसतो.

मग त्या बुधवारी
तिगरिया बादशाहकडून तिरडी आली.
पंधरा-वीस माणसं, पुढे मटकी धरलेला पोरगा,
लाह्या उधळत, भर रस्त्याच्या मधून.
बस थांबली. खोटं कशाला बोलू,
मी थांबवली असती त्याहून हळुवार थांबली.
मागच्या पाचींना कळवलं, त्याही थांबल्या.
कुठल्या मंत्र्यासाठी नाही,
एका माणसासाठी सहा बस उभ्या.

पडद्यावर चौकटी उमटत गेल्या:
पादचारी, पादचारी, पादचारी.
खांद्यावरची चौकट तेवढी लुकलुकत राहिली.
आडवा आहे, पुढे सरकतो, पण चालत नाही.
बराच विचार करून बसने लिहिलं:
सामान.

माझे हात उठले.
आयुष्यभर एक हात चाकावर ठेवून
दुसरा कपाळाला लावत आलो,
घाईतला, अर्धा, मागून हॉर्न वाजत असलेला.
त्या दिवशी दोन्ही मोकळे होते.
पुरा नमस्कार झाला.

शिटी वाजली. लाल दिवा.
संध्याकाळच्या अहवालात आलं:
बारा वाजून सात मिनिटं, चालकाचे हात जागेवर नाहीत,
अवधी अकरा सेकंद.
मंडलोईंनी चष्मा काढून कागद पुसल्यासारखा केला.
तिसरा हप्ता अडकेल, म्हणाले, कारण लिहा.

काका, काय लिहू?

म्हटलं, लिही,
जो गेला त्यानेही पट्टी भरली असेल,
भरली नसेल तर मीठ-काडीपेटीवर काहीतरी दिलंच असेल.
आपल्या पैशाची बस
त्याने एकदा थांबवून पाहिली.
ती बराच वेळ टाइप करत होती.
काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी पुन्हा फेऱ्या सुरू.
रस्ता इंदूरचा, धुऊन स्वच्छ,
कुठे काही घडल्याची खूण नाही.
फक्त समोरच्या काचेच्या रबरात
एक लाही अडकलीये,
वाऱ्याने थरथरते.
हात पुढे केला तर निघेल.

हात मांडीवर आहेत.