जुळणी

वाल्दिवियात जुलै म्हणजे हाडांत शिरणारी थंडी.
ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक विजेचा हीटर,
तोही एका पायापुरता.
समोर स्क्रीनवर यास्ना मियालोन्कोचा प्रबंध:
चिलोए बेटावरचे होडीसुतार, एकशे बारा पानं.

सॉफ्टवेअरनं रंग भरून ठेवलेत.
संदर्भसूची निळी, ती सोडून द्यायची.
मासेमारीच्या कायद्याचं लांबलचक नाव हिरवं,
ते सगळ्यांचं सारखंच असतं, तेही सोडायचं.
नऊ वर्षं हेच करते मी.
उष्टं कुठलं, ताजं कुठलं,
कुणाच्या ताटातलं कुणाच्या ताटात आलं.

मग पान चौसष्ट. लालभडक.

"लाकूड वाकवायचं नसतं, पोरी. वाफ द्यायची,
आणि त्याला वाकावंसं वाटेपर्यंत
शेजारी बसून राहायचं."

शब्दन् शब्द, स्वल्पविरामासकट,
नेल्सन बार्रियाच्या २००९ सालच्या प्रबंधात.
तिथं 'पोरा' होतं, इथं 'पोरी'.
मला वाटलं, एवढी एकच अक्कल चालवली बयेनं.

बोलावलं तिला. ओल्या रेनकोटात आली,
बोलली काहीच नाही, फोन काढून टेबलावर ठेवला.
आधी किटली. मग कुत्रं. मग रंधा, चार-पाच हात.
खोकल्याची एक उबळ,
आणि मग ते वाक्य,
'पोरी'सकट, जसंच्या तसं.

मी क्वेमचीला फोन लावला.
म्हातारे एवारिस्तो कार्कामो आधी हसले, मग खोकले.
"सगळ्यांना तेच सांगतो, बाई.
लाकूड तेच, तर वाक्य काय रोज नवं पाडू?
आणि माझं कुठंय ते? रुपेर्तो मास्तरांचं.
पहिल्या हिवाळ्याला बटाट्याची दोन पोती दिली त्यांना,
शिकवणीची. त्यात हेही आलं."

फॉर्मवर रकाना असतो, मूळ स्रोत:
प्रकाशक, वर्ष, पृष्ठ.
दोन पोती कुठं बसवायची त्यात?
'तोंडी' असं लिहिलं आणि लाल पुसलं.

आकडा चार टक्क्यांवर आला. चार म्हणजे स्वच्छच.
आता नुसतं बटण दाबायचं.

यास्ना उठली नाही.
रेनकोटातून थेंब पडत होते फरशीवर.
मी काही विचारलं नाही. खरं तर मला भूक लागली होती.
हीटर या पायाकडून त्या पायाकडं फिरवला.
बाहेर मासळीबाजाराच्या धक्क्यावर
समुद्रसिंह भुंकत होते, नेहमीसारखे, टाकलेल्या डोक्यांसाठी.

"सदतिसावं पान," ती म्हणाली.
"ते माझं नाही."

सदतिसावं पान पांढरंशुभ्र होतं.
आलेर्से लाकडाच्या व्यापाराचा इतिहास, तीन परिच्छेद,
एका जर्मन पुस्तकातले.
घरमालकीण संध्याकाळी वाचून अर्थ सांगायची,
ही स्पॅनिशमध्ये उतरवून घ्यायची.
"नाव टाकायचं राहिलं."
थोडं थांबून: "राहिलं नाही. टाकलं नाही."

यंत्रानं चोर सोडून संन्याशाला धरलं होतं,
आणि इथं चोर आपल्या पायांनी चालत आलेला,
नाक पुसत, बाहीला.

नियमाप्रमाणं कळवावं लागतं. मी कळवलं.
तिनं स्वतः सांगितलं, हेही लिहिलं.
त्याला रकाना नव्हता,
म्हणून कागद छापून घेतला आणि समासात लिहिलं, पेननं.
समितीनं काय ते ठरवावं. अजून ठरवलेलं नाही.

सोमवारी प्रबंध पुन्हा आला.
सदतिसाव्या पानाच्या तळाशी एक टीप:
लेखक, वर्ष, पृष्ठ,
आणि 'अर्थ सांगितला: ओटिलिया श्वार्त्सेनबेर्ग,
स्वयंपाकघरात.'

सॉफ्टवेअरनं पुस्तकाचं नाव तेवढं निळं केलं.
निळं सोडून द्यायचं असतं.
मी ती टीप दोनदा वाचली,
मग जेवायला गेले.