खोली, सेंटिमीटरमध्ये

अमळनेरला, जुन्या तेलगिरणीमागे
आमचा शेवेचा कारखाना.
दर मंगळवारी पामतेलाचे डबे उतरतात.
डब्यावर एक हिरवं पान,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक वचन.

यंदा परदेशी गिऱ्हाइकानं फॉर्म धाडला.
दहा रकाने मी मुकाट भरले.
अकरावा: तेल जिथं पिकलं
तिथल्या जमिनीत पाणी किती खोल?

हिलाल आप्पा कढईपाशी, हातात सोऱ्या.
"सातशे फूट."
"तुमची बोअर नाही हो. तिथली."
मी कोपरापासून मनगटापुढे हात दाखवला.
चाळीस सेंटिमीटर; याखाली जाऊ द्यायचं नाही,
असा नियम.
सोऱ्या थांबला.
"इतलंच? मंग खाली काबर जास?"

चर खणून काढून देतात, म्हटलं,
झाडाची मुळं सडू नयेत म्हणून.
आप्पा बघत राहिला,
जणू कुणी भरली पंगत उकिरड्यावर ओतली.

पीट म्हणतात त्या मातीला. माती तरी कसली,
हजारो वर्षं पाण्याखाली न कुजलेला पालापाचोळा.
सुकली की आतून पेटते,
वर काही दिसत नाही,
धूर मात्र समुद्रापलीकडच्या शाळा बंद पाडतो.
"माटी जयस?"

आमची काळी फार तर वैशाखात भेगाळते,
पोराची चप्पल गिळते,
चपलेवर भागतं.

तिथं लोखंडी खांब रोवतात
पार खालच्या टणक थरापर्यंत.
दरसाल माती बसते, खांब उघडा पडतो,
दोन बोटं, कधी तीन.
वाटतं खांबच वाढला.
"आमना पाइप वाढस," आप्पा म्हणाला,
आणि पुन्हा पीठ भरायला लागला.

व्यापाऱ्याला फोन लावला.
"ताई, वरून येतं तसं देतो."
वरून म्हणजे?
"बंदरावरून."
डबा उलटा केला तेव्हा दिसलं,
वचनाच्याही खाली:
प्रमाणित व इतर, मिश्र.

रकाना रिकामा चालत नाही. शून्यही नाही.
मी लिहिलं: माहीत नाही, विचारलं आहे.

दिवे लागताना आप्पा
थंड तेल फडक्यातून गाळत होता.
कढईच्या तळाशी काळा गाळ.
त्यात त्यानं बोटं उभी धरली, वर काढली,
उजेडात नीट पाहिली.

"हाऊ बी लिखी ले," म्हणाला.
"दोन बोटं."