चार जीबीची वेस

कोचाबांबात, ला कांचाच्या बाजारात,
चार्जर आणि नकली रिमोटांच्या गल्लीत माझं दुकान:
एक टेबल, दोन स्टुलं, वर पत्रा.
मंगळवारी दोन्या एउसेबिया आली.
पाठीवरच्या गाठोड्यात बाकल्याच्या शेंगा,
शेंगांच्या मधोमध, लोकरी मोज्यात घातलेली हार्ड डिस्क.
"बेर्गामोहून लेकानं पाठवली.
टीव्ही म्हणतो, आत काहीच नाही."

टीव्ही खोटं बोलत नव्हता.
इव्हरनं ती त्याच्या मॅकवर भरली होती,
आणि मॅकची मांडणी टीव्हीला उमगत नाही.
"म्हणजे इटालियनमध्ये आहे?"
नाही, दोन्या. दाणे तेच आहेत,
कुठली कणगी कुठे, याची खूण वेगळी.

मग मी माझं पाठ झालेलं सुरू केलं.
एनटीएफएस जमाखर्चाची वही ठेवतं,
मधेच वायर उपटली तरी कुठवर आलो होतो ते त्याला आठवतं,
पण मॅक त्यात नुसतं वाचतो, लिहीत नाही.
एक्सफॅटचं सगळ्यांशी पटतं, वही मात्र नाही.
वायर उपटलीत, तर गेलं ते गेलं.
तिनं एक शेंग सोलली.
"आणि माझा टीव्ही?"
टीव्ही जुना. त्याला फक्त फॅट बत्तीस येतं.
(एवढ्या मोठ्या डिस्कला विंडोज ते द्यायला का कू करतं.
माझ्याकडे त्यावर तोडगा आहे. पाच बोलिव्हियानो जास्त.)

आधी सगळं माझ्या मशीनवर उतरवायला लावलं.
पाऊण तास पट्टी सरकत होती आणि सालं साचत होती.
मग खिडकी आली: सगळं पुसलं जाईल, चालेल?
"सगळं म्हणजे कोण कोण?"
मी म्हणालो, झटपट फॉरमॅटमध्ये खरं तर काही पुसत नाहीत.
फक्त यादी फाडतात. खालचं तसंच पडून राहतं,
कुणी वरून लिहीपर्यंत, बिननावाचं.
ती म्हणाली, "ठाऊक आहे. आमच्या कबरस्तानात
कोनाड्याचं भाडं थकलं, की आधी पाटी काढतात."
मी बटण दाबलं. दुसरं काय करणार.

घोडं अडलं ते यानंतर.
फॅट बत्तीसची वेस चार जीबीची,
त्याहून मोठी एकही फाइल ते आत घेत नाही.
नातीचा बाप्तिस्मा गेला, गोठा गेला, डोंगराचे फोटो गेले.
अडली एकच: सहा जीबी,
तारातातल्या जत्रेची, जुन्या कॅसेटवरून इव्हरनं उतरवलेली.
त्यात तिचा नवरा नाचतो.
कापावी लागेल, मी म्हणालो. कुठेही कापता येते.
"कुठेही?" तिनं शेंग खाली ठेवली.
डोळे मिटून, बोटांवर काहीतरी मोजत म्हणाली,
"दुसरा बँड थांबतो. तो घाम पुसतो.
मग चिचा आणायला शेजाऱ्याच्या दारातून आत जातो.
कॅमेरेवाला खुळा, त्या दाराकडेच बघत राहतो.
तिथे काप."

शोधलं. एक तास अकरा मिनिटं.
निळं दार, उंबऱ्यात झोपलेलं कुत्रं.
तिथे कापलं.
पहिला तुकडा साडेतीनचा, दुसरा अडीचचा,
दोन्ही वेशीतून निमूट आत गेले.

डिस्कला नाव द्यायचं असतं. अक्षरं जास्तीत जास्त अकरा.
मी 'फोटो' टाकणार होतो.
तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, एरमोहेनेस.
स्पॅनिशमध्ये दहा भरली.
एक जागा उरली, ती तशीच ठेवली.

परवा ती आली, बाकल्याची पिशवी घेऊन, उधारी नको म्हणून.
मी विचारलं, लागतं का सगळं नीट?
लागतं. पण पहिला तुकडा संपला की टीव्ही थांबतो,
दुसरा आपण लावावा लागतो रिमोटनं.
मी म्हणालो, आणा परत, बघतो काही करता येतं का.
"राहू दे," ती म्हणाली.
"मी लगेच नाही दाबत बटण.
चिचा मोजणारी ती पास्कुआला भारी गप्पिष्ट होती,
वेळ लागायचाच त्याला."